चिठ्ठी शेवटी उचलणाऱ्याच्याच वाट्याला वाईट येते का?

अबोली
नमस्कार मंडळी. गणिताचा धागा आहे, पण सुरुवात देवळातून.

आमच्या वाड्यावरच्या देवळात (गोव्यातला फोंडा तालुका, एवढेच सांगते) श्रावणात एकाह असतो. सकाळी सहाला समई पेटली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत भजन खंडता कामा नये. घरे आठ, प्रहर आठ, प्रत्येक घराला तीन तास. कोणी कुठला प्रहर धरायचा ते आदल्या रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरते. कोणालाच नको असतो तो रात्री बारा ते तीनचा. पेटीवाल्याचे डोळे मिटत असतात, टाळ धरायला माणसे मिळत नाहीत, आणि पाऊस कोसळत असला तर चहाची किटली घेऊन येणारासुद्धा येत नाही.

गेल्या चार वर्षांत तीनदा हा प्रहर आमच्या घराला आला. बाबा दर वर्षी सगळ्यांत शेवटी चिठ्ठी घेतात. "तुमी काडात, उरता ती आमची" हे त्यांचे ठरलेले वाक्य. आई म्हणते, या भिडस्तपणानेच आपला घात होतो. बहिणीचा मुलगा सातवीत आहे, तो म्हणाला, "मावशी, शेवटच्याला चॉइसच नसतो, म्हणजे त्याचा चान्स जास्त ना?" मला पटकन उत्तर देता आले नाही. बी.कॉम.ला संभाव्यता होती, पण ती परीक्षेपुरती.

शेवटी उचलण्यात तोटा आहे का? पुढच्या रविवारी बाबांना पहिला हात घालायला सांगू?

तिरफळ
सोपे आहे. प्रहर तुमच्याकडे येणार किंवा नाही येणार. म्हणजे पन्नास टक्के. चार वर्षांत दोनदा यायला हवा होता, एकदा जास्त आला. देवाकडे तक्रार करा. (हलके घ्या.)

जांभा
तिरफळ, हलकेच घेतले. पण ही चूक फार मोठ्या माणसांनीही केली आहे. दालांबेर हा अठराव्या शतकातला नामांकित फ्रेंच गणिती. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती, यावर १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात त्याने २/३ हे उत्तर मांडले. त्याचा हिशेब असा: पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला. नाही आला तर दुसऱ्या वेळी छापा तरी येईल किंवा काटा तरी. एकूण तीन गोष्टी घडू शकतात, त्यांतल्या दोन आपल्या फायद्याच्या. पण त्या तीन गोष्टी एका वजनाच्या नाहीत. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार मांडा, मग उत्तर येते ३/४.

नुसत्या शक्यता मोजून भागत नाही. त्या समसंभाव्य आहेत का, हे आधी बघावे लागते. अबोलीताईंच्या घरी 'येणार' हे आठांतल्या एका चिठ्ठीवर आहे, 'नाही येणार' हे सातांवर.

आता मूळ प्रश्न. चिठ्ठ्या खऱ्या अर्थाने सारख्या असतील आणि नीट कालवलेल्या असतील, तर क्रमाने काडीचा फरक पडत नाही. पहिल्याला १/८. दुसऱ्याच्या हाती ती यायची तर आधी पहिल्याच्या हातून सुटायला हवी, ७/८. मग उरलेल्या सातांतून दुसऱ्याने नेमकी तीच उचलायला हवी, १/७. गुणाकार १/८. तिसऱ्याचे ७/८ × ६/७ × १/६, पुन्हा १/८. आणि बाबांचे ७/८ × ६/७ × ५/६ × ४/५ × ३/४ × २/३ × १/२. प्रत्येक अपूर्णांकाचा अंश पुढच्याच्या छेदाशी उडतो आणि शेवटी राहतो १/८.

मानशी
जांभा, उत्तर बरोबर आहे, पण सातवीच्या पोराला हे गुणाकार आधी दाखवू नका हो. मी डिचोलीकडे शिकवते. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी अशी ही मुले. 'प्रोबॅबिलिटी' हा शब्द त्यांना येतो आणि शब्दावरच गाडी थांबते.

अबोली, असे करा. आठ चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाने एक उचलायची आणि न उघडता मुठीत धरायची. सगळ्यांच्या मुठी भरल्या की भाच्याला विचारा, आत्ता या क्षणी कोणाच्या मुठीत काय असू शकते? कोणी आधी उचलली, कोणी नंतर, याने आत लिहिलेले बदलले का? आमच्या वर्गात इथे एक मिनिटभर शांतता असते, मग कोणीतरी म्हणतेच, "सगळ्यांचे सेम!"

मात्र वस्तू जपून निवडा. माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी हौसेने पिशवीत सात काजूबिया आणि एक आठळी घातली होती. आपलेच जिन्नस, मुलांना आवडतील म्हणून. पंधरा-वीस वेळा खेळ झाला, आठळी दर वेळी शेवटच्या मुलाकडेच. मी फळ्यावर १/८ लिहून उभी! शेवटी मागच्या बाकावरचा एक हसत म्हणाला, "हाताक कळटा मगो, टीचर." काजूबी वाकडी नि चपटी, आठळी गुळगुळीत. पिशवीत हात घातला की बोटे आधी ओळखायची आणि मग सोडून द्यायची. माझा सगळा धडा त्या पोराने एका वाक्यात घेतला. तेव्हापासून मी चिंचोके वापरते. साधारण एका मापाचे निवडायचे आणि एकावर पेनाने ठिपका द्यायचा. तोही शाईचा, कोरून नाही.

कुळागर
वाचतो आहे. चांगला धागा.

म्हाताऱ्याची एक शंका. देवासमोर टाकलेली चिठ्ठी ही आमच्या पिढीला 'चान्स' नव्हती. देवळात प्रसाद लावतात, मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. त्याला कौल म्हणतात. चिठ्ठीही आम्ही त्याच भावनेने उचलायचो. रात्रीचा प्रहर आला तर देवाने दिला. त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मानशी
काका, मान्य. कौलाचा हिशेब मांडायचा नाहीच. पण चिठ्ठ्या सारख्या हव्यात ही काळजी तर तुमच्या पिढीचीच ना? देव बोलणार असेल तर मध्ये माणसाचा हात नको, एवढेच गणितही म्हणते.

कुळागर
हे पटले.

अबोली
काल संध्याकाळी सोप्यावर चिंचोके घेऊन बसलो. मी, भाचा आणि शेजारची दोघे. चौघे म्हणून प्रत्येकाने दोन हात खेळायचे ठरले. वहीत रेघा मारल्या. आठ वाजेपर्यंत ऐंशी फेऱ्या झाल्या, मग वीज गेली.

शेवटच्या हाताला ठिपक्याचा चिंचोका १३ वेळा आला. ८० चे आठ भाग म्हणजे १० यायला हवे होते. भाचा उड्या मारतो आहे, "मी म्हणालो होतो ना!" आई त्याच्या बाजूने. आता?

जांभा
ऐंशी फेऱ्यांत बरोबर दहाच वेळा येईल असे गणित म्हणत नाही. ८० × १/८ × ७/८ याचे वर्गमूळ काढा, साधारण ३ येते. दहाच्या तीन इकडे, तीन तिकडे हा रोजचा डोल. ७ आले असते तरी मी हेच म्हटले असते, १३ ला तेच म्हणतो. सतरा-अठरा आले असते तर चिंचोके हातात घेऊन बघितले असते. भाच्याला आणखी ऐंशी फेऱ्या खेळू दे. एकूण १६० होतील आणि शेवटच्या हाताचे प्रमाण बहुधा १/८ च्या जवळ सरकेल. आकडा बरोबर २० वर येईलच असे मात्र नाही.

कुळागर
अवांतर: एकट्याचे सांगता येत नाही, पण जमावाचे सांगता येते, या गोष्टीवर आपल्याच मातीतल्या माणसाने नाव काढले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें, गोवा. गणिती माणूस. जुन्या आहत (ठसे मारून घडवलेल्या) नाण्यांचे ढीगच्या ढीग त्यांनी तराजूवर तोलले. नाणे हातोहात फिरते, झिजते, वजन घटते. एक नाणे किती झिजेल ते कोण सांगणार? पण संचातल्या नाण्यांचे सरासरी वजन आणि त्यांच्या वजनांतली तफावत पाहून कोणती नाणी जास्त काळ चलनात होती ते त्यांनी ताडले. इतिहासवाले त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण हत्यार संख्याशास्त्राचे होते.

तिरफळ
काका, दंडवत. हे माहीत नव्हते.

आता माझी खरी शंका, या वेळी चेष्टा नाही. आमच्याकडे चिठ्ठी उचलली की लगेच उघडतात. सहा जणांनी उघडल्या, वाईट आली नाही. उरलेल्या दोघांच्या पोटात गोळा येतो की नाही? त्यांना जाऊन सांगा, तुमची शक्यता १/८ आहे म्हणून. मार खाल.

जांभा
मार बसेल आणि तो बरोबर बसेल. त्या घडीला त्यांची शक्यता १/२ च आहे. सहा चिठ्ठ्या उघडल्याने माहिती वाढली.

पण बाबा घरून निघाले तेव्हा ही माहिती नव्हती. पहिले सहाही जण सुटतील आणि वाईट चिठ्ठी शेवटच्या दोघांपर्यंत पोचेल, याचीच शक्यता २/८, म्हणजे चारांत एकदा. बाकी तीन वेळा ती आधीच कोणाच्या तरी गळ्यात पडलेली असते आणि बाबा निवांत चहा पीत असतात. ते प्रसंग कोणाच्या लक्षात राहत नाहीत. चारांत एकदा गोळा येतो, त्याच्या निम्म्या वेळी खरा ठरतो. १/४ × १/२, पुन्हा १/८.

हाऊजीत आपल्याला एकच नंबर हवा असतो तेव्हाही हेच होते. नव्वद नंबर, तिकिटावर पंधरा. शेवटी शेवटी पुकारायचे राहिलेले नंबर घटतात, म्हणून प्रत्येक पुकाराला छाती धडधडते. आणि "इतका वेळ आला नाही, आता येणारच" हेही तिथे खरे असते, कारण निघालेला नंबर परत पिशवीत जात नाही. कॅसिनोतल्या चाकावर तेच वाक्य लागू पडत नाही. तिथे दर वेळी सगळी घरे परत हजर असतात. दहा वेळा लाल आले म्हणून अकराव्या वेळी काळ्याचे काही वाढत नाही. एकच शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे, काळी १८. दर वेळी १८/३७.

तिरफळ
हे आधी कळले असते तर दोन हजार वाचले असते. असो.

खाजन
मूळ धाग्याबद्दल. 'चिठ्ठ्या सारख्या असतील तर' हे जांभा यांनी सुरुवातीलाच म्हटले, पण पुढे सगळे हिशेबात रमले. मी नोकरीमुळे निवडणुकीच्या कामाला अनेकदा बसलो आहे, म्हणून लिहितो.

दोन उमेदवारांना सारखी मते पडली तर कायद्याने (१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ६५) निर्णय चिठ्ठीनेच होतो. शिवाय २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेले ते दाखवणारे छापील कागद) मोजून यंत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे ४० मतदारसंघ, म्हणजे २०० केंद्रे. ती पाच कोणती, तेही चिठ्ठी टाकून ठरते. तेव्हा किती सोवळे पाळतात ते बघण्यासारखे असते. कागद पांढरा, सगळे तुकडे एका मापाचे, केंद्राचा क्रमांक बाहेरून दिसणार नाही अशा चार घड्या, मोठा डबा, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर हलवायचा. घरी हे सांगितले तर हसतात.

न हसण्यासारखे उदाहरण अमेरिकेतले आहे. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी कोणत्या तरुणांना आधी सैन्यात बोलवायचे हे जन्मतारखेवरून ठरवायला १ डिसेंबर १९६९ रोजी सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा, ३६६ निळ्या कुप्या, काचेचे भांडे. तारखा महिन्यामहिन्याने भरल्या होत्या आणि कालवाकालव पुरेशी झाली नाही. वर्षअखेरच्या महिन्यांच्या कुप्या लवकर बाहेर पडत गेल्या. डिसेंबरात जन्मलेल्यांचा क्रमांक सरासरीने बराच आधी लागला. कोणी कट केला नव्हता. नुसते नीट ढवळले नाही. पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली.

आणि आमच्या वाड्यावरच्या एका मंडळाची लकी कुपने! मी पहिल्याच दिवशी घेतली, ती पिंपाच्या तळाशी. बक्षिसे सगळी शेवटच्या आठवड्यातल्या कुपनांना. सोडत काढणारी छोटी मुलगी, तिचा हात तळापर्यंत पोचणार कसा? मिक्सर मिळाला असता.

मानशी
तुमच्या मिक्सरचे दुःख समजले. :)

अबोली, एक विचारते. चारांत तीनदा ही गोष्ट मला बोचते आहे. जांभा, याची शक्यता किती?

जांभा
एका ठरावीक घराला चार वर्षांत तीन किंवा चार वेळा: बरोबर तीनदा याचे २८/४०९६, चारही वेळा याचे १/४०९६. मिळून २९/४०९६, म्हणजे साधारण १४१ मध्ये एक.

पण थांबा, यावरून लगेच संशय घेऊ नका. घरे आठ आहेत. हा धागा ज्याच्यावर वेळ आली त्याने काढला. दुसऱ्या घरावर आली असती तर त्यांनी काढला असता. 'आठांतल्या कोणत्या तरी एका घरावर' याची शक्यता आठपट, २३२/४०९६, म्हणजे अठरांत एक. आणि गोव्यात असे वाडे किती!

अबोली
खाजन यांचे वाचून मी आज देवळाचा हिशेब ठेवणाऱ्या काकांकडे गेले. ते काहीच टाकून देत नाहीत. रजिस्टरात मागच्या सगळ्या चिठ्ठ्या टाचणीला लावून ठेवलेल्या आहेत.

मी त्या चुलीजवळच्या खिडकीत धरून बघितल्या. बारा ते तीन हा प्रहर दोनदा येतो, दिवसाचा आणि रात्रीचा. पाच वर्षांपूर्वी एका घरची मंडळी 'बारा ते तीन' वाचून भर दुपारी टाळ घेऊन हजर झाली होती. दुपारचे घर आधीच बसलेले; रात्री मात्र कोणीच नाही, काकांनी एकट्याने भजन ओढले. पुन्हा असे नको म्हणून त्यानंतर काका त्या एकाच चिठ्ठीवर 'रात्री' असे लाल शाईने लिहून दोनदा अधोरेखित करू लागले. कागद वहीचा, पातळ. घडी घातली तरी मागून लाली दिसते. फार नाही, कुंकवाचे बोट पुसल्यासारखी.

आणि चिठ्ठ्या टाकतात त्या तांब्याच्या उघड्या परातीत.

तिरफळ
अग्गो बाई. म्हणजे सात घरे चोर?

मानशी
तसे म्हणू नये. माझ्या वर्गातली मुले काही चोर नव्हती. दिसले की हात आपोआप शेजारच्या चिठ्ठीवर जातो, आणि त्या माणसाला वाटते आपण अशीच उचलली.

जांभा
सगळ्यांना दिसायचीही गरज नाही. समजा पहिल्या चौघांना लाली दिसली आणि त्यांनी ती टाळली, पुढच्या तिघांना काही दिसले नाही. मग वाईट चिठ्ठी शेवटच्या चौघांत हमखास उरते, आणि बाबांची शक्यता १/८ वरून १/४ होते. १/४ धरून चारांत निदान तीनदा याचा हिशेब करा: १३/२५६, जवळजवळ वीसांत एक. आधी १४१ मध्ये एक होते. सातपट फरक पडला, तोही नुसत्या शाईने.

म्हणजे आई अर्धी बरोबर होती. क्रमाने फरक पडतो, पण चिठ्ठ्या ओळखता येत असतील तरच. माझ्या पहिल्या प्रतिसादातले 'सारख्या असतील तर' हे तीन शब्द मी पुढे विसरलो. खाजन, कान पकडतो.

कुळागर
काकांना लागेल असे बोलू नका, अबोली. त्यांनी चांगल्यासाठीच केले.

अबोली
नाही बोलले. "काका, सगळ्या चिठ्ठ्यांवर दिवस किंवा रात्र लालच शाईने लिहूया का, कोणाचा घोळ होणार नाही" एवढेच म्हटले. ते म्हणाले, "बरें सुचलें." परातीऐवजी तोंड अरुंद असलेला कळसो घ्यायचेही ठरले. बाबांना सगळे सांगितले, ते म्हणतात, "असूं, हांव निमाणोच काडटलों." (असू दे, मी शेवटीच काढणार.) कोण समजावणार.

आज चिठ्ठ्या कापायला आम्ही बसलो. पुठ्ठ्याचा जाड कागद, एकाच पानातून आठ तुकडे. भाच्याने दोन चिठ्ठ्यांना घड्या घातल्या आणि एकदम हात मागे घेतला. म्हणाला, "मावशी, घड्या तू घाल. मी घातलेली मला नंतर ओळखता येते, आणि मी आजोबांना खुणावीन."